घुमट पिवळा का पडला?



जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बचत गटाचे हिशेब अशा विषयांवर आम्ही या सदरातून नेहमी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा बाबासाहेबांची जयंती जवळ आली, की आपल्या वस्त्यांतून मुलांची लगबग सुरू होते. कोणी दीक्षाभूमीचा स्तूप करतो, कोणी चैत्यभूमी, कोणी सांचीचे तोरण. पुठ्ठा, कात्री, फेव्हिकॉल घेऊन मुले रात्री उशिरापर्यंत विहारात बसतात. काम पूर्ण होते, रंग होतो आणि मग प्रश्न येतो : याच्यावर चकाकीसाठी काय मारायचे?

प्रश्न लहान वाटतो. पण उत्तर चुकले तर महिनाभराची मेहनत वाया जाते आणि त्याहून वाईट म्हणजे दोष मुलांच्या माथी येतो. हे आमच्याच हातून घडले आहे, म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या विहारातल्या मुलांनी दीक्षाभूमीचा स्तूप करायचे ठरवले. नागपूरचा हा स्तूप 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. उंची 120 फूट, घुमटाचा व्यासही तेवढाच. मुलांनी हिशेब सोपा केला. दहा फुटांना एक इंच. म्हणजे 120 फुटांचा स्तूप बरोबर बारा इंचांत, शाळेच्या फूटपट्टीएवढा. प्रमाण झाले 1:120. नुसते 'दीक्षाभूमीसारखे काहीतरी' करणे वेगळे आणि एकेक दार, एकेक पायरी मोजून प्रमाणात करणे वेगळे. मुलांनी दुसरा, अवघड रस्ता धरला याचा आम्हाला अभिमान वाटला.

फुटभर तोंडाची खोलगट कढई पालथी घालून तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा थापला. लगद्यात मेथीचे पीठ मिसळायचे, हे एका आजीने सांगितले. पूर्वी आपल्या घरांतून कागदाच्या टोपल्या अशाच होत असत. कठडे आठवीतल्या एका मुलीने केले. आई धुण्याभांड्याची कामे उरकून घरी येईपर्यंत ही मुलगी विहारात बसून काड्यापेटीच्या काड्या एका मापाने कापायची आणि एकेक चिकटवायची.

पांढरा रंग झाला, पण खडूसारखा कोरडा दिसू लागला. मुले म्हणाली, "काका, फोटोत घुमट उन्हात कसा चमकतो! हा तर चुन्याच्या भिंतीसारखा दिसतो." आम्ही मोठ्या तोऱ्यात हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि लाकडी दारांना मारतात ते तेलाचे वार्निश घेऊन आलो. ब्रशने दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी घुमट आरशासारखा. 14 ऑक्टोबरला सगळ्या वस्तीने तोंडभरून कौतुक केले.

मग स्तूप कापडात गुंडाळून विहाराच्या कपाटात ठेवला. एप्रिलमध्ये जयंतीसाठी बाहेर काढला, तर घुमट पिवळा! जुन्या कागदासारखा पिवळा. आम्ही सगळ्यांसमोर मुलांना बोललो. ओल्या हातांनी धरला असेल, उदबत्तीच्या धुरात ठेवला असेल, तुम्हाला निगा राखता येत नाही, असे बरेच काही. ती मुलगी काही बोलली नाही. खाली मान घालून कठड्यावरची धूळ पुसत राहिली.

वस्तीत रंगकाम करणारे एक मामा आहेत. ते मागे उभे होते. मुले गेल्यावर म्हणाले, "भाऊ, पोरांना कशाला बोललात? तेलाचं वार्निश ते. पिवळं पडणारच. अंधारात ठेवलं की जास्तच पडतं."

म्हणजे चूक मुलांची नव्हती. वार्निश आणणारे आम्ही होतो.

असे का होते?

तेलाचे वार्निश नुसते सुकत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. ही क्रिया पुढेही हळूहळू चालू राहते आणि तिच्यातून पिवळेपणा येतो. उजेडात तो काहीसा कमी होतो, बंद कपाटात वाढतो. तपकिरी दारावर हे कोणाच्या लक्षात येत नाही. पांढऱ्या घुमटावर लपत नाही. दाराला जे चांगले, ते स्तूपाला चांगले असेलच असे नाही, एवढी साधी गोष्ट आम्हाला कळली नव्हती.

त्यानंतर दुसरी फजिती झाली. घुमट घासून पुन्हा पांढरा केला. दारापुढचे छोटे खांब एका टीव्हीच्या खोक्यातून निघालेल्या थर्माकोलचे होते. (महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. नवा आणू नये, पुठ्ठाच वापरावा.) एका मुलाने गॅरेजमधून गाडीला मारायचा पारदर्शक स्प्रे आणला. फवारा मारला मात्र, खांब डोळ्यांदेखत आक्रसले आणि विरघळले. अशा स्प्रेमध्ये आणि लॅकरच्या थिनरमध्ये जी तीव्र द्रावणे असतात, ती थर्माकोल खातात. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमान किंवा मोटार करणाऱ्या मुलांनीही हे लक्षात ठेवावे. ते प्लास्टिक बहुधा त्याच जातीचे, म्हणजे पॉलिस्टायरिनचे असते. जाड हात बसला तर तेही मऊ पडते, त्याला बारीक तडे जातात.

आता मुलांना काय सांगावे हे आम्हालाच सुचेना. तेव्हा ती कठडेवाली मुलगी म्हणाली, "काका, परत स्तूपावर कशाला मारायचं? आधी तुकड्यावर मारून बघू या ना."

सहा पट्ट्या आणि एक वही

मुलांनी साबणाच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून सहा पट्ट्या केल्या. सगळ्यांना तोच पांढरा रंग दिला. प्रत्येक पट्टीवर वेगळी वस्तू लावली. मग प्रत्येक पट्टी मधोमध कापली. एक भाग खिडकीत टांगला, दुसरा कपाटात ठेवला. मागे नाव आणि तारीख. त्या मुलीने वहीत रकाने आखले : किती वेळात सुकले, वास, रंग, चिकटपणा, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. कारकुनी करताना आम्ही रजिस्टरे पुष्कळ भरली, पण इतके उपयोगाचे रजिस्टर क्वचितच पाहिले. एप्रिलअखेर ते ऑक्टोबर, मधे सगळा पावसाळा. काय दिसले ते सांगतो.

पहिले, तेलाचे वार्निश. सुकायला पूर्ण दिवस लागला. चमक उत्तम. कपाटातला तुकडा पिवळा, खिडकीतला त्याहून कमी. मामा म्हणाले होते तसेच.

दुसरे, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश, सुतारमंडळी वापरतात ते. लवकर सुकते, चमक गोड येते, थर्माकोललाही धक्का लावत नाही. पण पहिल्याच दिवशी पांढऱ्यावर बदामी झाक येते. पावसाळी हवेत लावले तर धुरकट होते आणि पाणी सांडले तर पांढरा डाग पडतो. लाकडी प्रतिकृतीला, सोनेरी किंवा तपकिरी भागाला हे चांगले. पांढऱ्याला नको.

तिसरे, एन.सी. लॅकर, म्हणजे फर्निचरवाल्यांचे पारदर्शक लॅकर. दहा-पंधरा मिनिटांत हाताला सुकते. पण वास डोक्यात जातो आणि थिनर आगीला फार लवकर धरतो. दमट हवेत याच्यावरही पांढरट धुके येते. खाली तेलाचा रंग असेल तर तो सुरकुततो. उन्हात राहिले की कालांतराने पिवळे पडते. आमचा खिडकीतला तुकडा पडलाच.

चौथे, फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून. हा सगळ्यांचा आवडता आणि स्वस्त उपाय. कच्चा पुठ्ठा किंवा लगदा रंगाआधी बंद करायला, म्हणजे अस्तर म्हणून तो छान आहे. वरच्या चकाकीसाठी नाही. चमक मंद येते आणि पाणी लागले की पुन्हा मऊ पडते. जुलैमध्ये त्या तुकड्याला बोट लावले तर चिकटत होते.

पाचवे, पारदर्शक नेलपॉलिश. हे एका ताईंनी आणून दिले. कळस, खिडकीची काच, दाराची कडी अशा नखाएवढ्या जागेला उत्तम. मोठ्या भागावर ब्रशच्या रेघा उठतात. थर्माकोलला हेही खाते.

सहावे, पाण्यातले ॲक्रिलिक वार्निश. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात 'ग्लॉस' म्हणून मागितले की मिळते. बाटलीत दुधासारखे पांढरे दिसते, त्यामुळे मुले आधी घाबरली. सुकल्यावर काचेसारखे पारदर्शक होते. वास किरकोळ, ब्रश पाण्याने धुता येतो, थर्माकोलला काही होत नाही. चमक तेलाच्या वार्निशपेक्षा थोडी कमी. पण सहा महिन्यांनी खिडकीतला तुकडा पांढरा आणि कपाटातलाही पांढरा. लहान बाटलीत आमचा अख्खा स्तूप झाला. परदेशी मॉडेल-कंपन्यांच्या चकाकीच्या एका डब्याचे जे पैसे पडतात, त्याच्या मानाने खर्च कितीतरी कमी.

निकाल लागला, पण आम्ही काही नवे शोधले नव्हते. अमेरिकेत प्लास्टिकची विमाने, मोटारी जोडणारे हौशी लोक वर्षानुवर्षे 'फ्युचर' नावाचे फरशीचे पॉलिश वापरत होते. ब्रिटनमध्ये तसेच पॉलिश 'क्लिअर' नावाने मिळे. तेही पाण्यातले ॲक्रिलिकच. पातळ, आपोआप सारखे पसरणारे, स्वस्त आणि पिवळे न पडणारे. मॉडेलसाठी ते कोणी बनवलेच नव्हते. लोकांनी लावून पाहिले आणि टिकते असे कळले. पुढे कंपनीने नावे, बाटल्या बदलल्या आणि शेवटी ते बंद केले. तेव्हा त्या लोकांनाही आपल्यासारखेच 'आता पर्याय काय?' म्हणून नव्याने पट्ट्या रंगवाव्या लागल्या. पैसेवाल्या देशातला छंदही शेवटी तुकड्यावर लावून पाहण्यावरच चालतो.

चकाकी येते कोठून?

मामांनी आणखी एक गोष्ट शिकवली. चकाकी बाटलीत नसते, खालच्या कामात असते. पृष्ठभाग सपाट असेल तर उजेड एका दिशेने परत येतो आणि आपल्याला चमक दिसते. खडबडीत असेल तर उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि मॅट दिसते. खाली खड्डे ठेवून वर कितीही वार्निश ओतले तरी चमकणारे खड्डेच दिसतात. म्हणून आमची पद्धत आता अशी आहे :

1. लगदा पूर्ण वाळू द्यावा. पातळ फेव्हिकॉलचा एक हात देऊन तो बंद करावा.

2. खड्डे लांबीने भरावेत. वाळल्यावर आधी 220 नंबरच्या, मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावे. धूळ कापडाने पुसावी.

3. पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. रात्रभर सुकू द्यावा.

4. वार्निशची बाटली जोराने हलवू नये, बुडबुडे येतात. काडीने सावकाश ढवळावे. रुंद, मऊ ब्रशने एका दिशेने पातळ हात द्यावा आणि सुकू लागलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवू नये.

5. तास-दोन तासांनी दुसरा हात. दमट हवा असेल तर जास्त थांबावे. मग एक दिवस कोणी हात लावू नये.

थर पातळच हवा, याचे कारण प्रमाणात आहे. 1:120 मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या स्तूपावर सहा सेंटिमीटरचा थर झाला. जाड वार्निशने पायऱ्यांच्या कडा बुजतात, कठड्याच्या फटी भरतात. म्हणून चकाकी फक्त घुमटाला द्यावी. पायऱ्या आणि अंगण मॅटच ठेवावे. सगळेच चमकवले तर स्तूप मिठाईच्या डब्यासारखा दिसतो.

पंचशील ध्वज आणि अशोकचक्र कागदावर छापून चिकटवत असाल तर एक सावधगिरी. शाई फवारणाऱ्या साध्या प्रिंटरची छपाई पाण्यातल्या वार्निशने पसरते. ध्वजाचे रंग एकमेकांत मिसळले तर सगळ्यांनाच वाईट वाटेल. लेसर प्रिंट किंवा रंगीत झेरॉक्स घ्यावी, ती पसरत नाही. कागद चिकटवण्याआधी खाली चकाकीचा एक हात द्यावा, म्हणजे तो गुळगुळीत बसतो. प्लास्टिकच्या विमानावर पाण्यात भिजवून लावायची चित्रे असतात, त्यांनाही हाच नियम. खडबडीत मॅट रंगावर ती लावली तर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात.

जिवापेक्षा चकाकी मोठी नाही

आपली घरे दहा बाय बाराची. त्याच खोलीत गॅस, देवळीत दिवा, कोपऱ्यात झोपलेले तान्हे बाळ. तेथे थिनर, लॅकर किंवा स्प्रे उघडू नये. त्यांची वाफ पेट घेते. स्पिरिटचेही तसेच, शिवाय ते विषारी असते. पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नये. असे प्रकार फार पूर्वीपासून जीव घेत आले आहेत.

गाड्यांना मारतात ते दोन डब्यांतून एकत्र करायचे पी.यू. क्लिअर सर्वांत जास्त चमकते, असे कोणीतरी मुलांना सांगेल. ते खरे आहे. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवाऱ्यातून ते छातीत गेले तर दमा जडू शकतो. साधा रुमाल बांधून भागत नाही. आमच्या पट्ट्यांत ते नव्हते आणि मुलांच्या हाती ते देऊही नये. आपल्यातले कितीतरी भाऊ गॅरेजमध्ये हेच काम पोटासाठी करतात. त्यांनी मालकाकडे योग्य मास्क मागावा, हेही येथे सांगून ठेवतो.

शेवटी आमचा कबुलीजबाब

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश आम्ही विहारात कित्येकदा समजावून सांगितला आहे. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून, पूर्वापार चालत आले म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः तपासा, हिताची ठरली तर स्वीकारा, असा त्याचा आशय. भाषणात सांगताना आम्हाला तो फार सोपा वाटे. पण दुकानदार म्हणाला म्हणून आम्ही वार्निश आणले आणि काका म्हणतात म्हणून मुलांनी ते मारले. कोणीच तपासले नाही. आणि घुमट पिवळा पडल्यावर न तपासताच आम्ही दोषही देऊन मोकळे झालो. ज्याची आपल्याला माहिती नाही ते खरे म्हणून बोलणे, तेही चारचौघांत लेकरांना, हे चौथ्या शीलात कोठे बसते याचा विचार करताना आम्हाला झोप आली नाही.

सहा महिन्यांच्या पट्ट्या काढल्या त्या रविवारी वंदना झाल्यावर आम्ही उभे राहिलो. दोन्ही तुकडे हातात धरले आणि सांगितले, घुमट मुलांनी खराब केला नव्हता, आमच्या वार्निशने झाला होता. आम्ही चुकीचे बोललो. मोठ्या माणसाने मुलांची माफी मागायची म्हणजे कसेसेच वाटते. पण त्या मुलीने वर पाहिले आणि म्हणाली, "काका, मग या वेळी तुम्हीच ब्रश धरा. पातळ हात द्यायचा हं." सगळे हसले.

त्या गोष्टीला आता दोन वर्षे होऊन गेली. घुमट पांढराच आहे. मुलगी अकरावीला गेली. वही विहाराच्या कपाटात आहे आणि बारा तुकडे एका दोऱ्यात ओवून तिच्याबरोबर ठेवले आहेत. नवी मुले आली, की आधी ती वही वाचतात, मग पुठ्ठा कापतात. यंदा चैत्यभूमी करायची आहे.

तुमच्या वस्तीतल्या मुलांनी काही केले असेल, काही बिघडले असेल, तर त्यांना बोलण्याआधी एक तुकडा रंगवून पाहा. आणि जे दिसेल ते आम्हाला अवश्य कळवा. वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!